मोठ्या बटणांचा फोन

बाइंडरकाकांनी साधा, बटणांचा, प्रीपेड फोन घेतला तो हौसेने नव्हे, आणि कंजूषपणाने तर मुळीच नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इमारतीत पुढे बरेच दिवस यामागे भलतीच कारणं सांगितली जात होती. फोन घेतला तो काकूंच्या डोळ्यासाठी.

काकू शिवणकाम करायच्या. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांवर हळूहळू दुधी काच चढल्यासारखं झालं. आधी सुईत दोरा ओवणं गेलं, मग वर्तमानपत्र गेलं, मग समोरच्या माणसाचा चेहरा गेला. उरलं ते चाचपडणं. डॉक्टर म्हणाले, बुबुळावरचा पडदा बदलावा लागेल. कुणी मरणानंतर डोळे दिले की त्यातला मिळेल. नेत्रपेढीच्या यादीत नाव लागलं आणि परवा ते सरकत सरकत पहिलं आलं. तिथल्या बाईंनी काकांना बजावून सांगितलं, "आता फोन कधीही येईल. आला की लगेच हो म्हणायचं आणि रुग्णाला घेऊन यायचं. आम्ही तीनदा लावतो. नाही उचलला तर पुढच्या नावाला."

आणि काकांचा फोन म्हणजे मुलीने वापरून दिलेला. सकाळी पोटभर चार्जिंग करून निघायचा आणि दुपारी बाराला मान टाकायचा. काका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम करत. तिथे एकच पॉइंट होता, तो पंख्याचा. म्हणजे एकतर फोन जिवंत राहणार किंवा काका.

"बटणांचा घ्या," हेडऑफिस म्हणाले.

हेडऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. कुठल्याही प्रश्नावर अंतिम निकाल देण्याची सवय निवृत्तीनंतरही न गेल्यामुळे इमारतीने त्यांना हे नाव दिलं होतं. त्यांच्या बहुतेक निकालांचे परिणाम इतरांना भोगावे लागत, पण हा सल्ला खरोखर शहाणपणाचा होता. गोची तिथेच झाली. एक सल्ला बरा निघाला म्हणून काकांनी त्यांचा दुसराही ऐकला.

इमारतीच्या खालीच मोबाइलवाल्याचं दुकान होतं. त्याने फोन काउंटरवर ठेवला आणि लग्नाच्या मुलीचे गुण सांगावेत तसे त्याचे गुण सांगितले. "बॅटरी दहा दिवस. आवाज असा, की तुम्ही नाही तर शेजारी उठून उचलेल. बटणं मोठी. आकडा दाबला की बोलून दाखवतो. टॉर्च आहे, रेडिओ आहे. आणि मागे हे लाल बटण. संकटात दाबून धरायचं. भोंगा वाजतो आणि आपल्या माणसाला आपोआप फोन लागतो."

"कुठल्या माणसाला?"

"तुम्ही नंबर घालाल त्याला. आत्ता चाचणीपुरता माझा घालतो. घरी जाऊन बदला."

काकांनी फोन तळहातावर तोलला. वजन बरं होतं. बांधणीही चांगली होती. कणा घट्ट, कोपरे गोल. चाळीस वर्षं पुस्तकं हाताळलेला माणूस, त्याला वस्तूची बांधणी पहिली दिसते. मोबाइलवाला म्हणाला, "सिम मी बसवून देतो. जुनं बारीक आहे, याला मोठं लागतं. ही प्लास्टिकची चौकट घालावी लागेल."

"राहू द्या," काका म्हणाले. "आम्ही आयुष्यभर नाजूक कामंच केली." हे वाक्य त्यांना पुढे फार महाग पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला काकांनी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला, चष्मा लावला, चिमटा घेतला. नखाएवढं सिम चौकटीत बसलं, चौकट खाचेत शिरली, आणि आत जाता जाता सिम चौकटीतून निसटून आडवं झालं. चौकट बाहेर आली. सिम आतच राहिलं.

काकू हाताने टेबलाची कड धरून बसल्या होत्या. "अहो, झालं का?"

"होतंय."

"तुमचा आवाज झाल्यासारखा वाटत नाही."

तेवढ्यात हेडऑफिस वर्तमानपत्र परत करायला आले. त्यांनी फोन उजेडात धरून आत डोकावलं आणि निकाल दिला, "केसाचा आकडा घाला आणि ओढा. जोरात नको. पण ठामपणे."

जोरात आणि ठामपणे यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठे असते, हे काकांना कट्‌ असा आवाज आल्यावर कळलं. आकड्याला अर्धं सिम आलं. उरलेलं अर्धं आत.

शंभर वर्षांपूर्वीची पानं, बोट लावलं तर भुगा होईल अशी, ज्या हातांनी जपून जोडली, त्याच हातांनी हे केलं होतं. काका आपल्या बोटांकडे अशा नजरेने पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाचीतरी आहेत आणि चुकून इथे आली आहेत.

"जुना फोन आहे ना?" काकूंनी विचारलं.

"फोन आहे गं. नंबर नाही." काका उठले. "त्यांनी आत्ता फोन केला तर लागणारच नाही."

हेडऑफिसचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाइंडर, तुम्ही निघा. मी वहिनींपाशी बसतो."

कंपनीच्या सेवा केंद्रात गारेगार हवा आणि लांबलचक रांग होती. काकांचं टोकन सत्तेचाळीस, पडद्यावर एकोणतीस. दर वेळी टिंग वाजलं की काका अर्धे उठत आणि परत बसत. अठरा वेळा उठबस झाल्यावर शाळेतली शिक्षा भोगून आल्यासारखे ते खिडकीपाशी पोचले, तेव्हा पावणेबारा झाले होते.

"अंगठा ठेवा," खिडकीतली मुलगी म्हणाली.

काकांनी ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. अंगठा पुसून ठेवला, लाल. दुसरा अंगठा, लाल. तर्जनी, मधलं, करंगळीसुद्धा. दहाच्या दहा बोटांना यंत्राने नकार दिला.

"काका, तुम्हाला ठसेच नाहीत."

"असं कसं? जन्मतः होते."

"मग गेले असतील. काय काम करता?"

खळ, सरस, पॉलिश पेपर, दोरा. चाळीस वर्षांत पुस्तकांच्या पाठी गुळगुळीत करता करता बोटंही गुळगुळीत झाली होती आणि काकांना पत्ताच नव्हता. मागे रांगेतला एक गृहस्थ सद्‌भावनेने म्हणाला, "नशीबवान आहात. कुठेही काहीही करा, सापडणार नाही." रांग हसली. काकांना हसता आलं नाही. मी कोण, हे मलाच सिद्ध करता येत नाही आणि तिकडे कुणीतरी फोन फिरवत असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मग मुलीला दया आली. तिने सांगितलं की ओळखपत्र आणि जिवंत फोटो चालतो. जिवंत फोटो म्हणजे कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडायची, म्हणजे समोर माणूस आहे, फोटोचा फोटो नाही, हे कळतं. पण काका इतके ताठले होते की त्यांची पापणी हलेना.

"मिचकवा ना, काका."

"मिचकवतोच आहे."

"नाही मिचकवत. यंत्र म्हणतंय हा फोटो आहे."

शेवटी मुलीने खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या नाकासमोर टाळी वाजवली. काका दचकले, पापणी मिटली, हिरवा दिवा लागला. बारा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या आकाराचं नवं सिम मिळालं. फोनमध्ये अडकलेला तुकडा काढून तेही मुलीनेच बसवलं. काकांनी हात मागे बांधून घेतले होते.

"चार तासांत सुरू होईल."

"चार तासांच्या आत, की चार तासांनी?"

"ते सिस्टीमवर आहे."

चार तास! घरी जाऊन त्या मुक्या फोनकडे पाहत बसण्याची काकांची छाती होईना. ते तडक इस्पितळात गेले. दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ, एका बाजूला बाकं, टोकाला काचेच्या भिंतीमागे नेत्रपेढीचं कार्यालय. काकांनी बाईंना सगळी कथा सांगितली आणि विनंती केली, "तात्पुरता आमच्या शेजाऱ्यांचा नंबर लिहून घ्या."

"घेते. बदलासाठी जुन्या नंबरवर एक आकडा येईल, तो सांगा."

"जुना नंबर बंद आहे म्हणून तर बदलायचाय."

"हो, पण तो आकडा त्याच नंबरवर येतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई वाईट नव्हत्या. नियम असा आहे आणि तो मूर्खपणाचा आहे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होत्या.

"शिवाय शेजाऱ्यांचा नंबर काय?" त्यांनी विचारलं.

तो नंबर घरी राहिलेल्या जुन्या फोनच्या पोटात होता. शेजाऱ्यांचा, वाचनालयाचा, मुलीचा, सगळे तिथेच. त्यांना एकही नंबर पाठ नव्हता.

"मग मी इथेच बसतो," काका म्हणाले, आणि काचेसमोरच्या बाकावर बसले.

एक वाजला. दोन वाजले. फोनच्या इवल्याशा पडद्यावर 'सेवा उपलब्ध नाही' हे तीनच शब्द. काका दर पाच मिनिटांनी फोन काढत, पाहत, खिशात ठेवत. अशा एका काढण्या-ठेवण्यात कुठलंसं बटण दाबलं गेलं. शेजारच्या बाई वाकून म्हणाल्या, "अहो, तुमच्या छातीत उजेड पडलाय." टॉर्च लागली होती. ती बंद करायला गेले तर रेडिओ सुरू झाला आणि आख्ख्या बोळात कांद्याचे भाव दुमदुमू लागले. बाकावरची पट्टी बांधलेली माणसं आवाजाच्या दिशेने माना वळवू लागली. पहारेकरी आला.

"इस्पितळ आहे हे. पुन्हा वाजलं तर बाहेर काढीन."

काकांनी मान खाली घातली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहारेकऱ्याकडून दम खाणं त्यांना लागलं. पण त्याहून जास्त 'बाहेर' हा शब्द लागला. त्यांनी फोन हातात घेतला आणि अंड्यासारखा दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.

चारला वीस मिनिटं असताना काचेपलीकडे हालचाल झाली. आतून एक डॉक्टर आले, बाईंशी दोन शब्द बोलून गेले. बाईंनी कपाटातून लाल नोंदवही काढली. तिचा कणा निखळला होता, हे काकांना एवढ्या लांबूनही दिसलं. बाईंनी पान उघडलं, सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि फोनचा रिसीव्हर उचलला.

काकांच्या हातातला फोन गप्पच होता.

ते धावत काचेपाशी गेले. "बाई, मीच! मला लावताय ना? मी इथे आहे! हो! माझं हो आहे!"

बाईंनी काच सरकवली. त्यांचा चेहरा उतरला होता. "काका, पडदा आलाय. पण तुमचा नंबर बंद सांगतोय. फोनवरच्या होकाराचं रेकॉर्डिंग लागतं मला. मागे एकाचा भाऊ इथे येऊन तोंडी हो म्हणून गेला, रुग्णाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून हे कडक केलंय. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा लावायचं. एकदा झालं."

पाच मिनिटं. काका पडद्याकडे पाहत उभे राहिले. सेवा उपलब्ध नाही. बाईंनी दुसऱ्यांदा लावला. रिसीव्हरमधून येणारं 'आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे' काकांना काचेतूनही ऐकू आलं. बाईंनी नोंदवहीत खूण केली. मग त्यांचं बोट, त्यांच्याही नकळत असेल, दुसऱ्या ओळीवर सरकलं. तिथे दुसरं कुणीतरी होतं. त्यालाही कुणी चाचपडणारं असेल. काकांना त्या माणसाचा राग येईना, आणि राग यायला कुणीच मिळत नाही याचाच त्यांना राग आला.

त्यांनी फोन बंद करून परत सुरू केला. डोक्यावर धरला. खिडकीबाहेर धरला. पहारेकरी दुरून पाहत होता.

चौथं मिनिट संपलं. बाईंनी घड्याळ पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मुद्दाम चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नंबर फिरवला.

फोन कडाडला. मोबाइलवाला खोटं बोलला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिका खाली डोकावल्या. काकांनी अंगठ्याने हिरवं बटण दाबलं.

"हो! हो! हो!"

"एकदाच म्हणा," बाई तीन हातांवरून फोनमध्ये म्हणाल्या. त्यांचा आवाज काचेतून एकदा आणि फोनमधून बोळभर एकदा, असा दोनदा ऐकू येत होता. "रुग्णाचे कोण?"

"नवरा."

"शस्त्रक्रियेला तुमची आणि रुग्णाची तयारी आहे?"

"दोन वर्षं आहे."

"फक्त हो किंवा नाही."

"हो."

बाकावरच्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि काचेतून म्हणाल्या, "साडेपाचच्या आत रुग्ण वॉर्डात हवा. सर्जन बाहेरगावचे आहेत, त्यानंतर थांबत नाहीत. कुठे आहेत काकू?"

"घरी."

"मग लावा फोन घरी."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. फोन चालू होता, दहा दिवसांची बॅटरी होती, आणि लावायला नंबर नव्हता. चार वाजायला पाच मिनिटं होती. घर चाळीस मिनिटांवर. जाऊन यायला ऐंशी. फोन मुठीत आवळून काका जिन्याकडे पळत सुटले.

मूठ जरा जास्तच आवळली गेली. लाल बटण आतल्या बाजूला होतं.

भोंगा असा काही वाजला की औषधाची ढकलगाडी ओढणारी बाई भिंतीला चिकटली. कुणी 'आग' म्हणालं, कुणी 'पळा' म्हणालं. काकांनी फोन छातीशी दाबला, त्याने तो आणखी ओरडला. पहारेकऱ्याने एका हाताने काकांना आणि दुसऱ्याने फोन धरला.

"सोडा मला! माझ्या बायकोला आणायचंय!"

"बसा आधी!"

भोंगा थांबला आणि फोन आपोआप लागला. पलीकडून मोबाइलवाल्याचा आवाज आला, "बोला काका!"

"काका नाही," पहारेकरी म्हणाला. "इस्पितळातून बोलतोय, डोळ्यांचा विभाग. तुमच्या माणसाचं इथे अवघड झालंय. घरच्यांना घेऊन ताबडतोब या." आणि त्याने फोन तोडला.

"अहो, मला बोलू द्या!"

"बोलून झालंय."

नेत्रपेढीच्या बाई धावत आल्या, त्यांनी पहारेकऱ्याला समजावलं, तोवर सव्वाचार झाले. फोन परत मिळाल्याबरोबर काकांनी तोच नंबर पुन्हा लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. याचा अर्थ दुकानदार काकूंना आणायला धावला होता, किंवा गिऱ्हाइकाला टॉर्च दाखवत होता. काका आता निघाले आणि ते लोकही निघालेले असले, तर वाटेत चुकामूक. नाही निघाले आणि ते लोकही निघालेले नसले, तर सगळंच संपलं. काकांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, मागे घेतला, परत ठेवला. मग तिथेच खाली बसले. आजवर त्यांनी बरीच अवघड कामं केली होती. न हलता बसून राहणं हे त्यातलं सगळ्यात अवघड.

पावणेपाच. पाच. सव्वापाच. पहारेकऱ्याने न बोलता पाण्याचा ग्लास आणून दिला. पाच वीसला बाई काचेआडून घड्याळाकडे पाहू लागल्या.

पाच बावीसला जिन्यावर गलका झाला. हेडऑफिसच्या दंडाला धरून काकू वर येत होत्या, मागे धापा टाकत मोबाइलवाला. काकूंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"कुठे आहेत? कुठल्या खाटेवर आहेत?"

"अगं, मी इथे."

काकूंनी हात पुढे केला. आधी खांदा लागला, मग गाल, मग छातीवर तळवा ठेवून त्या थांबल्या. आतलं धडधडणं हाताला लागलं. "काय झालं हो तुम्हाला? हे दुकानवाले म्हणाले तुमचं अवघड आहे. भावजी म्हणाले हृदयच असणार."

"लक्षणं तशीच होती," हेडऑफिस पुटपुटले.

"मला काही झालं नाही. डोळा आलाय."

"डोळा आला? मग त्यात एवढं कसलं बोलावणं? दोन दिवस गार पाण्याने धुवा."

"माझा नाही गं, तुझा!"

"माझा कुठे आलाय? मला काही टोचत नाही."

"तुला बसवायचा डोळा आलाय! आज! आत्ता!"

काकूंनी काकांच्या छातीवरचा हात उचलला आणि त्याच जागी एक सणसणीत चापट मारली. रिक्षा मिळेपर्यंत आणि मग वाटेत चाळीस मिनिटं त्यांनी काय काय सोसलं होतं, ते सगळं त्या चापटीत होतं.

"शेवटचं काय खाल्लंत, काकू?" बाईंनी घाईने विचारलं. "सहा तास पोट रिकामं लागतं."

"सकाळी सातला चहा. मग यांनी सिम मोडलं. त्यानंतर घरात घास कुणाला गिळायचाय?"

"उत्तम!" बाई म्हणाल्या, आणि सिम मोडल्याबद्दल काकांना त्या दिवशी तेवढा एकच चांगला शब्द मिळाला. पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी काकूंची चाकाची खुर्ची वॉर्डाच्या दारातून आत गेली.

शस्त्रक्रिया नीट झाली. पट्टी निघाली तेव्हा आधी नुसताच उजेड होता, मग आकार आले, मग आकारांना कडा आल्या. घाई करू नका, असं डॉक्टर प्रत्येक तपासणीला सांगत. काकूंना घाई नव्हती. काका मात्र रोज सकाळी त्यांच्यासमोर उभे राहून "आज कसा दिसतोय?" विचारत, आणि काकू रोज "कालच्यासारखेच" म्हणत.

महिन्याभराने एका दुपारी फोन कडाडला. काकांनी उचलला. गोड आवाजात एक बाई म्हणाली, "नमस्कार. आपण घेतलेल्या फोनबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच यांपैकी आकडा निवडा. अत्यंत समाधानी असल्यास पाच."

काका खुर्चीत सावरून बसले. या विषयावर त्यांचं मत कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "त्याचं असं आहे बाई," त्यांनी सुरुवात केली, "बॅटरीबद्दल तक्रार नाही. आवाज जरा कमी चालला असता. टॉर्चचं बटण जिथे आहे तिथे असू नये, आणि लाल बटण तर—"

"क्षमा करा. आपला प्रतिसाद मिळाला नाही."

"तेच तर सांगतोय. लाल बटणाला वर झाकण हवं. पण त्या दिवशी ते नसतं, तर—"

"क्षमा करा. आपला प्रतिसाद मिळाला नाही."

"ऐकून घ्या ना जरा!"

काकू शिवणाच्या मशीनवरून उठल्या. "अहो, टेप लावलीय ती. तिच्याशी काय भांडताय? आणा इकडे."

त्यांनी फोन घेतला, हातभर लांब धरला, अजून दुधीच असलेला डावा डोळा मिटला. दोन वर्षं प्रत्येक वस्तूच्या आधी काकूंची बोटं जायची. कपाच्या कडेवरून, दाराच्या कडीवरून, शर्टाच्या काजांवरून, आणि मग ती वस्तू त्यांना कळायची. आत्ता बोटं हवेतच थांबली होती. पुढे नजर गेली होती.

मग एक बोट खाली आलं. कुठेही न चाचपडता, सरळ पाचावर.